वीतभर दोरी

अण्णा हेरवाडे गेले त्याला आता सात आठवडे झाले. त्यांच्या शोकसभेला मी गेलो होतो. वनखात्यातले निवृत्त लोक, शिरोळकडचे चार नातेवाईक, आणि शेवटच्या रांगेत मी. खात्यातले एक गृहस्थ बोलायला उभे राहिले. त्यांनी अगदी प्रेमानं सांगितलं, "अण्णा भाबडे. देवाच्या रानात लोखंड चालत नाही असं गुरव म्हणाला, तर या माणसानं सरकारी साखळी बाजूला ठेवून चक्क दोरीनं मोजणी केली! पुढं नकाशा चुकला, झाडं गेली, आणि साहेबांचं नाव पडलं दोरीवाले." सभेत हशा पिकला. शोकसभेत माणसं हसली की बरं वाटतं, म्हणून मीही हसलो... घरी येऊन पायरीवर चपला काढताना लक्षात आलं, की गेली साठ वर्षं या गोष्टीवर मी असाच हसत आलो आहे. माझं वय एक्क्याऐंशी आहे. आता हे लिहिलं पाहिजे.

दोरी बरोबर होती. चूक माझी होती. पण तेवढं एक वाक्य लिहून थांबलो तर अण्णा कोण होते ते कुणालाच कळणार नाही.

कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, त्यानंतरच्या वर्षातली ही हकीकत. संस्थानाची सगळी राने नव्या सरकारच्या ताब्यात आली होती आणि कुठं तोडायचं, कुठं राखायचं, याचा पंधरा वर्षांचा आराखडा तयार करायचा होता. खात्यात त्याला वर्किंग प्लॅनच म्हणत. पन्हाळ्याच्या मागच्या डोंगरांचं काम भूपाल हेरवाडे या तरुण रेंजरकडे आलं आणि त्यांच्या हाताखाली मोजणीदार म्हणून मी. मी एकवीस वर्षांचा, ते तिशीचे. सगळे त्यांना अण्णा म्हणत. अण्णा शिरोळच्या काळ्या रानातले, जैन शेतकऱ्याच्या घरातले. त्यांच्या गावात झाड म्हणजे बांधावरची बाभळ. जंगल त्यांनी नोकरी लागल्यावर पाहिलं, आणि म्हणून असेल, पण त्यांना त्यातलं काहीच गृहीत धरता येत नसे. खिशात कचेरीच्या दप्तराचा लाल दोरा असायचा. न ओळखता आलेलं झाड दिसलं की फांदीला एक दोरा, वहीत न पटलेला आकडा दिसला की त्या पानाला एक दोरा. मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले, "शंका आली की बांधायचा, उत्तर मिळालं की सोडायचा. न्हायतर इसरतंय माणूस." कॅम्पवरच्या त्यांच्या वह्या लाल शेंड्यांनी भरलेल्या असत. संध्याकाळी एखादा दोरा सोडताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसे, ते पगाराच्या दिवशीही कधी दिसलं नाही.

ज्या गावाची ही गोष्ट आहे त्याचं नाव मी देत नाही, तिथली माणसं ओळखतीलच. गावाच्या वर निनाई देवीचं रान होतं. त्यातली वाळकी काटकीसुद्धा कुणी घरी नेत नसे. यात्रेचा स्वयंपाक रानातच करायचा, तेवढ्यापुरती चूल पेटवायची. पूर्वेच्या टोकाला एक जुना बेहडा होता, चार माणसांच्या कवेत न मावणारा, अंगावर गारंबीचा वेल, आणि मुळाशी झरा. खालच्या वाडीच्या बायका उन्हाळाभर त्याच झऱ्यावर पाणी भरत. आम्ही साखळी घेऊन गेलो तर धोंडी गुरव वाटेत आडवा उभा.

"लोखंड आत न्यायचं न्हाय. कोयती न्हाय, कुऱ्हाड न्हाय, नालाचं पायताण न्हाय."

"का रं बाबा?" अण्णांनी विचारलं.

"का म्हंजे? न्हाय म्हंजे न्हाय."

दुसरा अधिकारी असता तर पोलीस पाटलाला बोलावलं असतं. अण्णांनी पायताण काढलं, खाली बसले आणि वहीच्या पानाला दोरा बांधला. पुढचे आठ दिवस आम्ही मोजणी केलीच नाही. ते चावडीवर म्हाताऱ्यांपाशी, झऱ्यावर बायकांपाशी बसून विचारत राहिले... हद्द कुठवर, दगड कुणी रोवले, झरा कधी आटला होता का, आटला तर गाव काय करतं. अण्णा त्या देवीला हात जोडत नसत, त्यांचा धर्म वेगळा. एकदा मी चिडून म्हणालो, "अण्णा, तुमचा विश्वास नाही, मग कशाला एवढं?" तर म्हणाले, "माझ्या इस्वासाचा काय संबंध हाय? या माणसांनी काय न लिवता येवढं रान राखलंय. आपल्या खात्याला लिवून जमंना. कसं राखलं ते बघाय नको व्हय?"

त्यातून त्यांनी आराखड्यात एक स्वतंत्र प्रकरण लिहायला घेतलं, देवाच्या रानांचं. त्या डोंगरात अशी बारा राने होती. तोडीतून ती पूर्ण वगळायची, हद्द मोजून नकाशावर घ्यायची, आणि राखण गावाच्या रिवाजानं गावानंच करायची. वरिष्ठ साहेब म्हणाले, "हेरवाडे, प्लॅन लिहिताय का पोथी?" पण कच्च्या मसुद्यावर त्यांनी सही दिली. एका रानाचं करून दाखवा, मग बाकीच्यांचं बघू, अशी अट घातली. ते एक रान म्हणजे निनाईचं.

गावाला पटवणं अवघड होतं. धोंडी गुरव म्हणाला, "कागुद कशाला पायजे? देव काय पळून चाललाय?" अण्णा म्हणाले, "देव न्हाय पळत, रान पळतं. उद्या शेजारचं रान तोडाय कंत्राटदार ईल आन् म्हणंल, दावा कुठं लिवलंय. तवा काय दावशील?" धोंडीनं शाई मागितली आणि अंगठा उठवला. त्याच्यामागं साऱ्या गावानं.

आता दोरीचं. साखळी आत न्यायची नाही म्हणून अण्णांनी अंबाडीची तेहतीस फुटांची दोरी वळून घेतली, साखळीएवढीच. दोरी ताणून ताणून लांबते हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी नियम घातला. रोज कामाच्या आधी रानाबाहेरच्या सपाट जागेवर दोरी साखळीशेजारी अंथरायची, ताडून बघायची, लांबली असेल तर कापून नीट करायची आणि फील्डबुकात तशी नोंद करायची. ते काम माझं. शोकसभेत ज्याला भाबडेपणा म्हटलं गेलं, त्यात हा नियम होता. तो पाळला असता तर दोरीनं साखळीइतकंच चोख काम दिलं असतं. तीन बाजू तशाच मोजून झाल्या होत्या.

पश्चिमेच्या दगडापासून पूर्वेच्या टोकाकडं जाणारी एक बाजू, आम्ही तिला पूर्व बाजू म्हणत असू, राहिली असताना साखळीची कडी तुटली. दुरुस्तीनंतर ती कचेरीच्या आवारातल्या खुंट्यांवर ताडावी लागे, म्हणून सोमवारी अण्णा स्वतः ती घेऊन कोल्हापूरला गेले. जाताना म्हणाले, "सदा, साखळी येस्तवर पूर्व बाजूला हात लावू नको. बस निवांत."

पण मला निवांत बसायचं नव्हतं. बुधवारी पेठ वडगावात माझ्यासाठी मुलगी बघायचा कार्यक्रम ठरला होता. अण्णांना सांगितलं असतं तर रजा मिळाली असती, पण महिनाभर चेष्टा झाली असती. काम संपवून गेलो तर कुणी विचारणार नाही, असा हिशेब करून मंगळवारी मी गडी घेतले आणि पश्चिमेच्या दगडापासून बेहड्यापलीकडच्या दगडापर्यंत न ताडलेल्या दोरीनं मोजलं. चाळीस दोरी भरली. फील्डबुकात लिहिलं, 'दोरी साखळीशी ताडली, बरोबर.' वर तारीख मात्र मंगळवारची, खरी घातली. सवयच तशी होती.

वडगावात मुलगी पसंत पडली. शुक्रवारी कॅम्पवर परतलो तेव्हा दुरुस्त साखळी खोलीत पडलेली होती, अण्णा डोंगरापलीकडच्या दुसऱ्या कामावर गेले होते. शेजारी दोरी. अंथरून बघायला पाच मिनिटं लागली असती. पण चुकीची निघाली तर पुन्हा मोजावं लागेल, म्हणून मी ती बघितलीच नाही. पुढच्या आठवड्यात अण्णांनी विचारलं, "पूर्व बाजू झाली? ताडून?" मी म्हणालो, "ताडून." ते समजले, साखळी आल्यावर केली असणार. नकाशा मी काढला, त्यांनी सही केली.

दोरी वीतभर लांबली होती. लांब दोरीनं मोजलं की आकडा कमी भरतो. चाळीस दोऱ्यांना चाळीस विती, म्हणजे जवळजवळ एक अख्खी दोरी रान नकाशावर कमी पडलं. तीन वर्षांनी शेजारचं कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा, तोडीला निघालं. कंत्राटदाराच्या माणसांनी नकाशा पुढं ठेवला, लोखंडी साखळीनं बाहेरच्या वाटेवरून चाळीस मोजले आणि रेघ मारली. ती बेहड्याच्या अलीकडं पडली. गाव बाजाराला गेलं होतं त्या एका दिवसात पूर्वेची ती पट्टी साफ झाली. हद्दीचा दगड तिथंच होता, पण माणसं म्हणाली, दगड कुणीही रोवतो, कागद खरा.

अण्णा आणि मी दुसऱ्या दिवशी पोचलो. बेहडा झऱ्यावर आडवा पडला होता. गारंबीच्या हातभर लांब शेंगा फुटून विखुरल्या होत्या. त्यातली एक चपटी बी अण्णांनी उचलली, पुसली, पुन्हा खाली ठेवली... रानातलं काही न्यायचं नाही म्हणून. धोंडी गुरव ओरडला नाही. तो अण्णांना नेहमी साहेब म्हणायचा. त्या दिवशी म्हणाला, "पावणं, बिनकागदाचा ऱ्हायला हुता की आमचा द्येव. तुमी कागदावर घ्येतला आन् ग्येला."

चौकशी झाली. मी गप्प होतो. नोकरी कायम व्हायची होती, बायकोला दिवस गेले होते. ही कारणं आहेत, समर्थन नाही. मला वाटत होतं, आज नाही तर उद्या फील्डबुक उघडलं जाईल. अण्णांनी लेखी जबाब दिला, तो मी वाचला आहे. 'दोरी वापरण्याचा निर्णय माझा. नकाशावर सही करण्यापूर्वी मी फील्डबुक उघडून पाहिले नाही, ही माझी चूक.' त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. पण चौकशीला दोरी पुरेशी होती, पुढं कुणी वाचलंच नाही. देवाच्या रानांचं प्रकरण आराखड्यातून काढून टाकलं. उरलेली अकरा राने मोजली गेली नाहीत. त्यातली किती आज उभी आहेत, हे शोधायचा धीर मला झाला नाही. अण्णांना लाकडाच्या वखारीवर नेमलं. ज्या माणसाला उभ्या झाडाचं कुतूहल, त्यानं पुढची कित्येक वर्षं ओंडके मोजले.

ते बदलले मात्र नाहीत. दरवर्षी यात्रेनंतर रजा काढून त्या रानात जायचे. तोडलेल्या पट्टीत त्यांनी एकही रोप लावलं नाही. नुसतं बघायचे, आपोआप काय येतंय. परत आले की माझ्याकडं चहाला यायचे. "यंदा पांगारा आलाय, कुणी सांगितलं त्याला?" असं म्हणून खळखळून हसायचे. एका वर्षी सांगितलं, झऱ्याला पुन्हा ओल आलीय. धोंडीच्या तोंडून साहेब मात्र पुन्हा कधी आलं नाही, शेवटपर्यंत पावणंच. माझ्या बायकोला ते नेहमी वडगावच्या वहिनी म्हणत. मी मनाशी समजूत घातली होती, अण्णांना कळलेलं नाही. कळलं असतं तर हा माणूस माझ्या घरी चहा कसा पिईल?

जाण्याच्या महिनाभर आधी मी त्यांना भेटलो. खाटेवर उशीला टेकून बसले होते. समोरच्या खुंटीवर ती दोरी, वेटोळं करून टांगलेली. इतक्या वर्षांत मी त्या खोलीत कितीदा गेलो असेन, दोरीकडं कधी नीट बघितलं नव्हतं. वडगावच्या वहिनींची चौकशी झाली, पावसाची झाली. उठताना म्हणाले, "सदा, काय सांगायचं हुतं व्हय रं?" मी म्हणालो, "नाही अण्णा." ते म्हणाले, "बरं." आणि डोळे मिटले.

शोकसभेनंतर आठवड्यानं त्यांची मुलगी सुमन दोरी घेऊन घरी आली. म्हणाली, "काका, अण्णांनी सांगून ठेवलं होतं, ही सदाकडं दे. का ते बोलले नाहीत." ती गेल्यावर मी बायकोला म्हटलं, एक टोक धर. आमच्या गच्चीवर आम्ही दोघांनी ती उलगडली. बायको टोकाकडं बघत म्हणाली, "अहो, इथं लाल दोरा बांधलाय. त्याच्या फुडं वीतभर दोरी हाय."

मी टेप आणली. एका टोकापासून त्या दोऱ्यापर्यंत बरोबर तेहतीस फूट. चौकशीच्या वेळीच कधीतरी अण्णांनी दोरी साखळीशेजारी अंथरली होती. फील्डबुक उघडलं होतं. मंगळवारी साखळी कुठं होती हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? ती त्यांच्याच पिशवीत होती. त्यांनी वाढलेली वीत कापली नाही, कुणाला दाखवली नाही. त्यांना शंका आली, त्यांनी दोरा बांधला आणि खुंटीवर टांगून ठेवला. दोरी का लांबली हे त्यांना ठाऊक होतं. मी का सांगत नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं... आणि साठ वर्षं चहा पीत ते त्याची वाट बघत राहिले.

दोरीचं एक टोक धरून मी बायकोला सगळं सांगितलं. पहिल्यांदाच. ती दुसरं टोक धरून ऐकत होती. मग म्हणाली, "म्हंजे मला बघाय आलासा म्हणून झाड ग्येलं?"

"नाही. परत आल्यावर मी पाच मिनिटं दिली नाहीत म्हणून गेलं."

"मग तसं लिवा की. आन् त्या गावात जाऊन वाचून दावा. माझ्यासंगट चला, एकटं जाऊ नगासा."

धोंडीचा नातू आता गुरव आहे. त्याला निरोप धाडला आहे, येत्या यात्रेला आम्ही दोघं येतोय म्हणून. हे छापून आलं की ते पान त्याच्यापुढं, गावापुढं वाचायचं आहे. ज्यांना पावणं म्हटलं ते साहेब होते, एवढं त्यांना कळलं पाहिजे. दोरी सध्या आमच्या सोप्यात खुंटीवर आहे. बायको म्हणते, आत्ताच सोडा तो दोरा. मी बघितलं सोडून. साठ वर्षांची गाठ आहे, घट्ट बसलीय. पण घाई नाही. आधी रानाच्या बाहेर चपला काढायच्या, वाचायचं, कुणी काही बोललं तर ऐकून घ्यायचं. मग बेहड्याच्या जागेवर बसून, लागेल तेवढा वेळ घेऊन, ती गाठ सोडायची.