बाईंनी उतरवलेली भिंत

फोन उचलला, पलीकडे शोभा होती, शाळेपासूनची मैत्रीण. अगदी खालच्या आवाजात म्हणाली, “बाई गेल्या वं.” कोणत्या बाई, हे विचारावं लागलं नाही. मी स्वतः जन्मभर मास्तरकी केली, पोरी मलाही बाईच म्हणत. पण शोभा आणि मी नुसतं ‘बाई’ म्हणतो तेव्हा त्या एकच. छिंदवाडा जिल्ह्यातल्या सौंसरच्या मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिका, कुसुमबाई. नव्वदीच्या जवळ आल्या होत्या. पांढुर्ण्याला भाचीकडे राहत होत्या. दुपारी जेवून जरा आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत. चांगलं मरण आलं, असं सगळे म्हणाले, मीही म्हणाले. तरी तेव्हापासून त्या भिंतीची गोष्ट मनात घोळते आहे. ती माहीत असलेली माणसं आता कमी होत चालली, म्हणून लिहिते.

ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. माझे बाबा बोरगावकडच्या एका खेड्यात संत्र्याच्या बागेत मजुरी करायचे. आमच्या गावात पुढची शाळा नव्हती, म्हणून त्यांनी मला सौंसरच्या वसतिगृहात आणून सोडलं. इमारत जुनी, वस्तीच्या कडेला. चारी बाजूंनी पुरुषभर उंचीपेक्षाही उंच भिंत. नळ आणि न्हाणीघरं मागे, भिंतीच्या पोटात. रस्त्यावरून फाटकाकडे येणारी वाट बेशरमाच्या झुडपांतून वळण घेऊन यायची. एका अंगाला व्यापाऱ्यांची, कारकुनांची गल्ली होती, पण आमच्या बाजूच्या त्यांच्या खिडक्या कायम बंद असत. गल्लीला ती भिंत बरी वाटायची. आम्ही बहुतेक बौद्धांच्या, शेतमजुरांच्या पोरी; दिसलो नाही तर बरंच, असा हिशेब. आणि खरं सांगायचं तर आमच्या आईबापांनाही ती भिंत पाहूनच धीर आला होता.

आषाढातल्या एका संध्याकाळी शोभा मागच्या नळावर ताट धुवायला गेली. तिथे एक माणूस दोरीवरचे कपडे गोळा करत होता. भिंत चढून आलेला. तिला पाहताच त्याने तिचा हात पिरगाळला आणि तोंड दाबलं. शोभा त्याच्या बोटाला कडकडून चावली आणि ओरडली. आम्ही पुढच्या खोलीतून धावत पोचेपर्यंत तो आला तसाच भिंतीवरून गेला होता. शोभाचा हात कोपरापासून सुजून नुसता लोंबत होता. गल्लीतून कोणी आलं नाही. आम्हाला ऐकूच गेलं नाही, असं ते मागाहून म्हणाले... आणि त्या भिंतीकडे पाहिलं तर ते खरंही असेल.

सकाळच्या गाडीबरोबर बातमी खेड्याखेड्यांत गेली. बाप यायला लागले, ट्रंका उचलायला लागले. माझे बाबाही आले. “चाल घरी,” एवढंच म्हणाले. मी रडायला लागले. बाई तिथेच उभ्या होत्या. ठेंगण्या, सुती लुगड्याचा पदर कमरेला खोचलेला. त्यांना राग आला किंवा दुःख झालं की आवाज चढण्याऐवजी उतरायचा. त्या बाबांना म्हणाल्या, “दादा, तुमचं बरोबर आहे. फक्त पोळ्यापर्यंत थांबा. मग या, आणि न्यायचीच वाटली तर मी स्वतः तिची ट्रंक बसवर चढवीन.” बाबांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि एकटेच परत गेले.

त्याच दिवशी कलत्या उन्हात बाईंनी आम्हा सगळ्यांना अंगणात बोलावलं. आम्हाला वाटलं, आता एकटं फिरू नका म्हणून बोलणी बसणार. पण त्या म्हणाल्या, “चला, माझ्यासोबत फिरा. जिथं जिथं भेव वाटते ना, तिथं मले थांबवा.” आम्ही थांबवत गेलो. बेशरमाचं वळण, मागचा नळ, न्हाणीघरामागचा कोपरा, भिंतीची सगळी मागची बाजू. प्रत्येक ठिकाणी त्या उभ्या राहायच्या, सावकाश सगळीकडे वळून पाहायच्या आणि विचारायच्या, “इथून तुला कोणाचं घर दिसतं?” कोणाचंच दिसत नव्हतं. शेवटी त्या नळाच्या दगडावर बसल्या आणि आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, “आपण पोरी लपवून ठेवल्या खऱ्या.”

काही दिवसांनी छिंदवाड्याहून खात्याचे साहेब आले. भला माणूस होता. भिंत आणखी उंच करू, वर काचा लावू, असं ठरवूनच आले होते. आम्ही दाराआडून ऐकत होतो. बाई म्हणाल्या, “साहेब, तो भिंत चढून आला की नाही? आला. आत आल्यावर त्याला कोणी पाहिलं? कोणी नाही. मग ती भिंत कामी कोणाच्या आली? त्याच्याच ना.”

“तुमचं म्हणणं काय आहे?”

“भिंत उतरवा. माणसाच्या छातीइतकी ठेवा, वर जाळी बसवा. नळ पुढे आणा. झुडपं काढा.”

 साहेब म्हणाले, “बाई, उद्या काही झालं तर लोक म्हणतील, असलेली भिंतही पाडली. जबाबदार कोण?”

“मी,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका उतरला होता की आम्हाला तो शब्द जेमतेम ऐकू आला. त्या विधवा होत्या, त्या नोकरीशिवाय त्यांना दुसरा आधार नव्हता. हे आम्हाला तेव्हा समजत नव्हतं. आता समजतं.

साहेबांनी शेतांकडची बाजू तशीच ठेवली, पण गल्लीकडची आणि रस्त्याकडची भिंत उतरवायला होकार दिला; नळही पुढे आला, झुडपंही निघाली. निघालेल्या विटांचा बाईंनी गल्लीच्या बाजूने, भिंतीला लागून, एक ओटा बांधून घेतला. समोरच्या घरातल्या काळेकाकू पहिल्याच दिवशी भांडायला आल्या. “आता काय तुमच्या पोरींचे कपडे पाहत बसायचं का आम्ही?” बाई शांतपणे म्हणाल्या, “पाहा ना, काकू. कपडे दिसले म्हणजे पोरीही दिसतील. माझं तेवढंच मागणं आहे.” काकू दार लोटून आत गेल्या. पण दार किती दिवस बंद ठेवणार... श्रावणातल्या उकाड्यात ते उघडंच राहू लागलं.

पोळ्याला बाबा आले. खाली आलेली भिंत पाहून त्यांचा चेहरा पडला. “हे राखण होय का?” ते बाईंना म्हणाले. “म्या तुमच्या भरोशावर पोरगी ठेवली होती.” बाईंनी वाद घातला नाही. “दादा, आज मला काही विचारू नका. त्या ओट्यावर बसा, दिवेलागणीपर्यंत. मग सांगा, नेता की ठेवता.”

बाबा बसले. मी आत नळावर कपडे धुतले, अंगणात बसून अभ्यास केला, पाठांतर केलं, आणि मधूनमधून पाहत राहिले. टोपी गुडघ्यावर ठेवून ते तसेच बसले होते. काळेकाकू एकदोनदा दारात येऊन त्यांच्याकडे संशयाने पाहून गेल्या. पुढच्या वेळी पाण्याचा गिलास घेऊन आल्या. “कोणाकडे आले?” त्यांनी विचारलं.

“माही पोरगी आहे आतमधी.”

“कोणती?”

बाबांनी बोट दाखवलं.

“ती होय? ती तर रोज मोठ्यानं कविता म्हणत असते. एका ओळीशी अडखळते नेहमी.”

 दिवे लागले तसे बाबा उठून जाळीपाशी आले आणि मला म्हणाले, “दिसून राहिली वं तू मले. साऱ्या येळ दिसून राहिली.” मग म्हणाले, “त्या समोरच्या बाईलेबी दिसून राहिली.” त्यांनी घरून आणलेली करंज्यांची पुरचुंडी जाळीवरून माझ्या हातात दिली आणि बसस्टँडकडे निघाले. ट्रंकेचं नावही काढलं नाही. माझं पुढचं सगळं आयुष्य, शाळा, नोकरी, माझ्या लेकीचं शिक्षण, त्या दुपारच्या ओट्यावर ठरलं.

थंडीत, एका संध्याकाळी, कोणीतरी पुन्हा भिंतीला चिकटून उभं राहिलं. आम्हाला कळण्याआधीच काळेकाकूंचा आवाज गल्लीभर गेला, “ए, कोण आहे रे तिकडे? पोरींकडे काय काम आहे तुझं?” दारं उघडली, माणसं बाहेर आली, आणि तो लोधीखेड्याच्या रस्त्याने पळत सुटला. मी होते तोवर पुन्हा कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी काकू पहिल्यांदाच फाटकातून आत आल्या आणि शोभाला म्हणाल्या, “हात बरा आहे का गं आता?” इतक्या महिन्यांनी. शोभाने हात वाकवून दाखवला. बाई म्हणाल्या, “या काकू, चहा घ्या.” काकू आमच्या सतरंजीवर बसल्या आणि आमच्या कपातून चहा प्यायल्या. तेव्हा, त्या गल्लीत, ही साधी गोष्ट नव्हती.

पुढे कितीतरी वर्षांनी मी बाईंना विचारलं, हे तुम्हाला सुचलं कसं? त्या मूळच्या सावरगावच्या. जाम नदी ओलांडून पांढुर्ण्याच्या शाळेत यायच्या. वाटेत दोन गोदामांच्या मधला एक बोळ होता, आणि त्यात काही टवाळ उभे राहायचे. “मले कोणी हात नाही लावला,” बाई म्हणाल्या, “पण बाबांना समजलं अन् शाळा बंद झाली. लग्न झालं. मालक गेल्यावर मॅट्रिक झाले मी. त्या बोळाकडे एक जरी खिडकी असती ना सुनंदा...”  मग हसून म्हणाल्या, “जाऊ दे. तुम्ही शिकल्या ना.”

बाईंच्या स्मरणाच्या कार्यक्रमाला, पुण्यानुमोदनाला, शोभा आणि मी मिळूनच पांढुर्ण्याला गेलो. पाहुणे पांगल्यावर मी ओसरीत बाईंच्या वेताच्या खुर्चीत टेकले. दुसरी जागा नव्हती म्हणून. दिवस मावळत होता. दवाखान्यात काम करणारी एक तरुण बाई समोरच्या रस्त्याने गेली आणि मान न वळवताच म्हणाली, “आजी, आली मी.” दोन पावलं पुढे गेल्यावर तिला आठवलं असावं. ती तिथेच उभी राहिली. स्वयंपाकघरातून बाईंची भाची म्हणाली, “हो वं, जाय आता.” मग ती गेली. पाठोपाठ शिवणक्लासची एक आली, दुकानात बसणारी एक आली. प्रत्येकीने तेच म्हटलं आणि भाचीने आतून प्रत्येकीला उत्तर दिलं.

“रोज अशाच हाका देतात?” मी विचारलं.

“या वेळी इथं बसून रस्त्याकडे पाहायची मावशीची सवय होती. त्यांची पण झाली,” भाची म्हणाली. “घरी पोचली हे कोणाले तरी समजलं पाहिजे ना. पण मी आत असते, मले त्या दिसत नाहीत.”

मी खुर्ची थोडी रस्त्याकडे सरकवली. शोभाने आतून पाट आणला आणि माझ्या शेजारी बसली.