दुसऱ्याच्या हातचं पाणी

अमरावतीहून अकोटची एसटी पकडली तेव्हा पोटात दोन गिला वडे होते आणि डोक्यात पुणेरी वेळापत्रक. दुपारचं जेवण अकोटला मित्राकडे, संध्याकाळी गप्पा, दुसऱ्या दिवशी बाळापूरचा किल्ला. वैशाखातल्या वऱ्हाडाने हे वेळापत्रक दर्यापूरच्या पुढेच निकालात काढलं. बस बंद पडली. दुसरी गाडी दोन तासांनी येणार होती.

उतारू रस्त्याकडेच्या एकुलत्या एका बाभळीखाली दाटीवाटीने बसले. फर्लांगभर आत एक गाव दिसत होतं, पण तिकडे कुणी वळेना. मी निघालो तसा कंडक्टर जवळ आला. "जासान तं जा भाऊ, पन तिथच्या विहिरीचं पानी पिऊ नोका. कोनं काय टाकलं, कोनाले मालूम."

गावाचं नाव मी लिहीत नाही. काळ्या जमिनीला पाऊल जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. भर दुपारी गाव झोपलेलं असतं, हे मलाही कळतं. पण हे गाव जागं होतं. मी पुढे गेलो की मागे कडी वाजायची, वळून पाहिलं की दार बंद. एका ओसरीवर रिकामा पाळणा हलत होता, जवळपास माणूस नव्हतं. एकही कुत्रं भुंकलं नाही. मला भीती वाटू लागली, आणि उन्हातल्या भीतीला पळून जायला जागा नसते.

एका दाराशी पाणी मागितलं. फटीतून बांगड्या घातलेला हात आला, हातात पेला. पहिल्याच घोटाला तोंड वाकडं झालं. हा खारपाणपट्टा (जमिनीखाली खारं पाणी असलेला मुलूख). "बोअरचं हाय," आतून आवाज आला. "दोन दिसापासून आमीबी हेच पिऊन राहिलो." आणि दार लागलं.

गोड्या पाण्याची एकच विहीर होती, गावाच्या टोकाला, कब्रस्तानाच्या भिंतीलगत. तिथे गेलो आणि थबकलो. साठ-सत्तर गुंड (पाणी भरायची मोठी भांडी) रांगेत उभे होते. पितळेचे, स्टीलचे, प्लॅस्टिकचे. सगळे कोरडे, तळाला धूळ. माणूस एकही नाही. वाऱ्याने विहिरीवरची दोराची चाकी मधूनच कुरकुरत होती.

मी दोराला हात घातला तोच निंबाखालून कुणीतरी थांबा म्हणालं. पांढऱ्या दाढीचे एक म्हातारे तिथे इतके निश्चल बसले होते की मला दिसलेच नव्हते. हे रहीमचाचा. विहिरीचा दोर आणि चाकी सांभाळायचं काम त्यांच्या घराकडे तीन पिढ्यांपासून आहे. त्यांनी विहिरीची रीत सांगितली. इथे आपलं भांडं आपण भरायचं नाही. रांगेत मागे उभा असेल तो, कोणत्याही आळीचा असो, पुढच्याचं भरतो. कधीकाळी पाण्यावरून डोकी फुटली, तेव्हा जुन्या लोकांनी हे ठरवलं होतं. दोन दिवसांपूर्वी एका घरची तीन लेकरं उलट्यांनी आडवी झाली. चाचांनी विहिरीत काही टाकलं असं एका आळीत ठरलं. चाचांना अडकवायला दुसऱ्यांनीच टाकलं, असं दुसऱ्या आळीत. तेव्हापासून कुणी कुणाचं भांडं भरेना.

"सांजेले बैठक हाय," ते म्हणाले. "तीन आळ्यांच्या तीन चाक्या करून राहिले. एकदा तीन झाल्या का मंग एक नाई होत."

घसा सुकला होता. मग तुम्हीच भरा की, असं मी म्हणून गेलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "माह्या हातचं प्यासान?"

मला कंडक्टर आठवला. मी दोरावरचा हात काढून घेतला.

तेवढ्यात पांढऱ्या लुगड्यातल्या एक बाई तांब्या घेऊन आल्या. जयभीम चाचा, म्हणाल्या. सुमनबाई, सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, आता निवृत्त. त्यांनी तांब्या काठावर ठेवला. "भरा."

"सुमन, लोक पाहून राहिले."

"पाहू द्या. त्याच्याचसाठी आली."

चाकी फिरू लागली, तशी आळ्यांतली दारं बोटभर उघडली. बाई अख्खा तांब्या प्यायल्या आणि अर्धा तास काठावर बसून राहिल्या. साऱ्या फटींतून त्यांच्याकडे डोळे लागले होते, आणि खोटं कशाला सांगू, माझेही. लेकरांनी लग्नातली शिळी बासुंदी खाल्ली होती, हे आपल्याला पहिल्या दिवशीच ठाऊक होतं, असं बाई म्हणाल्या. मग काल का आला नाहीत, मी हळूच विचारलं.

"काल मीबी भेली होती, भाऊ."

बाईंना काही झालं नाही. मग कपाळाला गंध लावलेला एक शेतकरी तरातरा आला, कुणाशी न बोलता त्याने रांगेतला पहिला गुंड भरला. कुणाचा, ते पाहिलं नाही. सुमनबाईंनी भरून दिलेलं पाणी मी प्यायलो. गोड होतं. चाचांनी दोर माझ्या हाती दिला, आणि पुढचा पोचा पडलेला पितळी गुंड मी भरला. रस्त्यावर हॉर्न वाजला, तसा सुमनबाईंना माझा नंबर देऊन पळालो. मागे वळून पाहिलं तर माणसं रांगेत येऊन उभी राहत होती.

पुण्याला परतल्यावर आठ दिवसांनी सुमनबाईंचा फोन आला. चाकी एकच राहिली होती. मी भरलेला गुंड त्या आजारी लेकरांच्याच घरचा होता. त्यांची आई दाराआडून पाहत होती. माझं नाव-गाव काही न विचारता तिने ते पाणी त्याच दुपारी लेकरांना पाजलं.

प्रवासात आपण माणसं पाहून येतो, असं मी आजवर ऐटीत लिहीत आलो. त्या दिवशी साऱ्या गावाने मला पाहिलं होतं, आणि चाचांनी तर अगदी जवळून. फोन त्यांना द्यायला सांगितला. विहिरीवरच्या त्यांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं होतं.

"पिईन, चाचा," मी म्हणालो.

"मंग या," ते म्हणाले.