कॅम्प चारची ड्यूटी

माझ्या आत्याच्या नवऱ्याइतका वेळेचा पक्का, निर्व्यसनी, नाकासमोर चालणारा आणि खरं सांगायचं तर कंटाळवाणा माणूस अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूर मिळून दुसरा झाला नसेल. आणि हा माणूस जुगारावर घर चालवत होता. पोटापाण्यासाठी जुगार खेळणारा म्हटला की लोकांच्या डोळ्यांसमोर बोटांत अंगठ्या, तोंडात पान आणि उघडी बटणं येतात. आमचे आतोबा इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन आणि सायकलच्या हँडलला डबा अशा थाटात निघत. गल्लीतल्या नव्या बिऱ्हाडकरूंना ते पोस्टात आहेत असंच वाटायचं, आणि आत्या ते वाटू द्यायची.

मुळात ते अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला कारखान्याला टाळं लागलं ते लागलंच. बरोबरच्यांपैकी कुणी रिक्षा घेतली, कुणी पालेगावला जाऊन शेती धरली. आतोबा कँटीनमध्ये जेवणाच्या सुट्टीत रमी खेळून सगळ्या खात्याला नागवत असत, तेवढंच एक कौशल्य त्यांच्या गाठीशी उरलं होतं. उल्हासनगरात कॅम्प चारला कापडाच्या दुकानाच्या माडीवर एका सिंधी शेटचा रमी क्लब होता. तिथे ते रुजू झाले. हो, 'रुजू झालो' असंच ते म्हणायचे. आत्याने आठवडाभर अबोला धरला, मग डबा भरून दिला आणि दोन अटी घातल्या: पत्त्यांचा कॅट घरात येता कामा नये, आणि घरातली चीजवस्तू तिकडे जाता कामा नये. दोन्ही त्यांनी पाळल्या.

त्या माडीवर जाणं म्हणजे ड्यूटी. शेजारच्या कारखान्याचा भोंगा झाला की सायकल काढायची, दुपारी एक वाजता पंख्याखाली बसून डबा खायचा, संध्याकाळी दिवेलागणीला घरी. कारखान्याला होती तशी शुक्रवारची साप्ताहिक सुट्टी. शुक्रवारी समोरून साक्षात कुबेर पैसे घेऊन रमी खेळायला आला असता तरी त्यांनी त्याला शनिवारी बोलावलं असतं. ताप आला तर माडीवर निरोप धाडून रजा कळवत. शेट बिचारा सुरुवातीला गोंधळायचा, पण पुढे त्यालाही सवय झाली. कुणी नवं गिऱ्हाईक आतोबांच्या खुर्चीवर बसू लागलं, की तो म्हणे, "साईं, वो खाली रखो, वो स्टाफ का आदमी है."

माझं तरुण डोकं त्यात थरार शोधत होतं. एकदा मी विचारलंही, की आतोबा, खेळताना छातीत धडधडत असेल नाही? त्यांनी माझ्याकडे फार दयेने पाहिलं. "धडधडणारा माणूस गिऱ्हाईक असतो," म्हणाले. त्यांचा हिशेब सरळ होता. दिवसाची हजेरी भरली की उठायचं, मग पत्ते कितीही हसत येत असोत. ठरल्यापेक्षा जास्त गेलं की तेव्हाही उठायचं, मग मनात कितीही आग पेटो. आधी उठायला शिकायचं, मग खेळायला, असं ते सांगत. मटका लावणाऱ्यांचा त्यांना मनस्वी तिटकारा. लॉटरीचं तिकीट त्यांनी जन्मात घेतलं नाही. एका पावसाळ्यात आमच्या कुळगावच्या घरी बारवी धरण या आठवड्यात भरतं की पुढच्या, यावर माझ्या वडिलांनी चहाची पैज लावली, तर आतोबा ओटीवरून उठून परसात गेले. असला जुगार त्यांना बघवत नसे.

मुलीच्या लग्नाच्या वेळी मात्र आत्या घायकुतीला आली. मुलाकडची मंडळी विचारणार, वडील काय करतात, सांगायचं काय? आत्याने 'कापडाच्या लाइनीत' असं उत्तर घोटून घेतलं होतं. पाहुण्यांनी विचारताच आतोबांनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि सांगितलं, "पत्ते खेळतो." पाहुणे खो खो हसले. असा विनोदी व्याही मिळणार म्हणून त्यांनी तिथल्या तिथे होकार दिला. आत्या मात्र पुढे महिनाभर त्यांच्याशी तुटक बोलत होती.

त्यांचं भांडवल म्हणजे स्मरणशक्ती. कुणी कोणता पत्ता उचलला, कोणता टाकला, टाकताना किती घुटमळला, सगळं डोक्यात. माझ्या लग्नात हॉलबाहेर चपलांचा डोंगर झाला आणि जेवणं उरकल्यावर जी झुंबड उडाली, तिच्यात आतोबा पायरीवर उभे राहून एकेका पाहुण्याला त्याची चप्पल काढून देत होते. माझ्या सासुरवाडीची माणसं त्यांना हॉलचा नोकर समजली आणि एकाने तर बक्षीसही देऊ केलं.

पण पत्ते शेवटी पत्ते. महिनेच्या महिने हात लागायचा नाही. आतोबांच्या चेहऱ्यावरून ते कळण्याची सोय नव्हती, ते आत्याच्या दारावरून कळायचं. उल्हासनगरातल्या कारखान्यांतून जीन्सचे गठ्ठे आणून त्यांचे लोंबते धागे कापून द्यायचं काम ती करी. दारात एक गठ्ठा असला तर ठीक चाललंय. गठ्ठे उंबऱ्यापर्यंत आले की ओळखायचं, आतोबांचे पत्ते फिरलेत. अशा दिवसांत मी गेलो की आत्या कैची न थांबवता म्हणायची, "बस रे. यांना सध्या ओव्हरटाइम नाही." मला तेव्हा तिचा फार राग यायचा, का ते आजही नीट सांगता येणार नाही. कदाचित तिने एकदाही कैची आपटली नाही म्हणून असेल.

नव्वदच्या दशकाची अखेर आली तेव्हा आतोबा साठीच्या पुढे गेले होते. एका बारशाला ते आले आणि निघताना चपलांसमोर उभेच राहिले. सगळे निघून गेले तरी उभे. शेवटी आत्याने त्यांच्या पायांपुढे चप्पल सरकवली आणि पाणी तापवायचंय, चला लवकर, असं काहीतरी उगाच बोलली. मी पाहिलं आणि मनाशी म्हटलं, होतं असं. पण आत्याच्या दारातले गठ्ठे वाढत गेले, आणि एक दिवस कळलं, की आतोबा भर दुपारी न उघडलेला डबा घेऊन परत आले आणि म्हणाले, आजपासून रिटायर. आत्याने डबा उघडला, जेवण गरम करून वाढलं.

पुढे मी अंबरनाथला गेलो तो शुक्रवार होता. दारातून आत पाऊल टाकलं आणि थबकलो. जमिनीवर पत्ते पसरलेले. ज्या घरात कॅट येणार नव्हता त्या घरात आत्या पदर खोचून आतोबांबरोबर बदाम सात खेळत होती, कॅटही तिनेच स्टेशनजवळून आणलेला. गठ्ठे बाजूला सारून तिने मला बसायला लावलं. न राहवून मी आतोबांना विचारलं, क्लब का सोडला. त्यांनी पत्ते पिसता पिसता, दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं सांगितलं.

रमीत दर डावाला नवा पत्ता जोकर ठरतो आणि तो सगळ्यांसमोर उघडा पडलेला असतो. त्या दिवशी त्यांनी डाव जमला म्हणून पत्ते उलगडून दाखवले, आणि त्यात जोकर म्हणून लावला होता तो आधीच्या डावातला. चुकीचा डाव दाखवला की ऐंशी पॉइंटांचा दंड. त्या टेबलावर एकेका पॉइंटवरून गचांड्या धरलेल्या. तरी कुणी दंड मागितला नाही. ज्याच्याशी सगळ्यात जास्त भांडणं झाली होती, त्या म्हाताऱ्याने आधी आपले पत्ते गंजीत मिसळले. मग इतरांनी मिसळले. शेटने "बराबर है, साईं" म्हणून जिंकल्याचे पैसे त्यांच्यापुढे सरकवले. तेव्हा कुठे आतोबांचं लक्ष उघड्या जोकरकडे गेलं.

"इतकी वर्षं तिथे कुणी मला एक पॉइंट सोडला नाही," आतोबा म्हणाले. "त्या दिवशी ऐंशी सोडले. मग तिथे कशाला बसायचं? पैसे तिथेच ठेवले आणि आलो."

सुट्टीच्या दिवशी पत्त्याला हात न लावणारे तुम्ही, असं काहीतरी मी पुटपुटलो. ते हसले. बदाम सात बरा, म्हणाले, सगळे पत्ते समोर मांडलेले असतात, डोक्यात काही ठेवावं लागत नाही. आणि तिघांना पत्ते वाटले.

"बदाम सत्ती कुणाकडे आहे? काढा," त्यांनी विचारलं.

माझ्याकडे नव्हती. आत्याकडेही नव्हती. त्यांच्या हातातला पत्त्यांचा पंखा थोडा कलला होता आणि बदाम सत्ती त्यात अगदी कडेला, आम्हा दोघांनाही दिसेल अशी होती. आत्याने माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या पत्त्यांकडे नजर वळवून ती ते उगाच लावत बसली. मीही माझे लावू लागलो. त्यांना ती सापडेपर्यंत आम्ही तसेच थांबलो.