सासऱ्यांची कौलं आणि मुलीचा पिवळा पट्टा

मुलीला कराटेच्या क्लासला घातलं, त्या पहिल्या दिवशी तिच्या कमरेचा पट्टा मी बांधला आणि तो शेवटी कात्रीने कापावा लागला. मला दोनच गाठी येतात: एक पायजम्याच्या नाडीची आणि दुसरी पेंढ्याच्या भाऱ्याची. पहिली त्या विद्येचा अपमान ठरेल म्हणून मी दुसरी मारली. (भाऱ्याची गाठ सुटत नाही हाच तिचा गुण, हे सरांना समजावण्यात अर्थ नव्हता. ते घामाघूम झाले होते.) त्यांनी मला इतकंच सुचवलं, की उद्यापासून मुलीला एकटीला पाठवलंत तरी चालेल.

क्लास शहापुरात, आमच्या घरामागच्या समाजमंदिरात. स्वरा तिथे रमली. पण तिथे पोरं पट्ट्याच्या रंगाप्रमाणे रांगेत उभी राहतात, आणि पहिल्या परीक्षेच्या दिवशी नेमका ताप आल्याने ती पांढऱ्या पट्ट्यातच राहिली. मैत्रिणी पिवळ्या होऊन पुढे गेल्या. ही अकरा वर्षांची, चांगली उंच, शेवटच्या रांगेत पहिलीतल्या पोरांबरोबर. त्यातला एक तर लाथ मारताना तोल जाऊ नये म्हणून हिची बाही धरायचा.

"या वेळी पट्टा नाही मिळाला तर मी क्लास सोडणार," तिने जेवताना जाहीर केलं. बायकोने, म्हणजे वैशालीने, माझ्याकडे बघून सांगितलं की या वेळी तुम्ही कशातही मदत करायची नाही.

मी करणारही नव्हतो. पण सरांचा निरोप आला: परीक्षेत हाताने कौल फोडायचं आहे, प्रत्येकाने एकेक कौल घेऊन यावं. शहापुरात आता जिकडे तिकडे स्लॅब, नाहीतर पत्रे. कौल आणायचं कुठून? धसईला माझ्या सासऱ्यांनी घरावर स्लॅब टाकला तेव्हा उतरवलेली जुनी कौलं गोठ्यामागे रचून ठेवली होती. रविवारी गाडी काढली आणि गेलो.

सासरे त्या थप्पीपाशी उकिडवे बसले आणि एकेक कौल उचलून बोटाच्या पेराने वाजवू लागले. बद्द वाजलं की बाजूला, खणखणीत वाजलं की माझ्याकडे. मीही वाजवून बघत होतो आणि जाणत्यासारखी मान हलवत होतो. केसाएवढा तडा गेलेली दोन तर मी स्वतः हुडकून काढली, तेव्हा त्यांनी माझ्याकडे कधी नव्हे ते कौतुकाने पाहिलं.

"नातीची परीक्षा हाय," ते म्हणाले. "फुटकं कौल द्याचं नाय."

मला ते पूर्णपणे पटलं. या क्षणी आम्हाला कुणीतरी थांबवायला हवं होतं, पण जवळपास फक्त म्हैस होती.

एक मागायला गेलेला मी वीस घेऊन परतलो. परीक्षेच्या सकाळी समाजमंदिराच्या दारात उभं राहून मी ती इतर पालकांना वाटली. बिचाऱ्यांनी कुठून कुठून टवके उडालेली, शेवाळलेली कौलं पैदा केली होती. माझी बघून त्यांनी आपली कुंपणापलीकडे टाकून दिली. मला बरं वाटलं.

सरांनी दोन विटा वीतभर अंतरावर मांडल्या, वर कौल ठेवलं. पहिल्या मुलाने ओरडून हात हाणला. कौल तसंच. मुलगा हात काखेत दाबून खाली बसला. दुसरा बसला. तिसरी रडली. कल्याणहून आलेल्या परीक्षकांनी सरांकडे पाहिलं. सरांनी बाह्या सारल्या, श्वास घेतला आणि असा फटका मारला की कौलातून देवळातल्या घंटेसारखा नाद आला. नंतर बराच वेळ त्यांचा उजवा हात पाठीमागे होता.

हॉलमध्ये एकच माणूस खूश होता. सासरे नातीची परीक्षा बघायला सकाळच्या एसटीने आले होते आणि शेजारच्या बाईंना सांगत होते, की या कौलांनी पन्नास पावसाळे काढलेत, कधी थेंब आला नाय.

"ही कौलं कुणी आणली?" परीक्षकांनी विचारलं.

सगळे पालक एकदम माझ्याकडे वळले. मीसुद्धा मागे वळून बघितलं. मागे भिंत होती.

परीक्षकांनी आणखी दोघांना संधी द्यायची आणि त्यांनाही जमलं नाही तर परीक्षा पुढच्या वर्षावर टाकायची असं ठरवलं. त्या दोघांत स्वरा होती. ती विटांपुढे उभी राहिली, पण तिचा चेहरा मी बघितला नाही. माझी नजर त्या बाही धरणाऱ्या पोरावर होती. तो पुढच्या वर्षासाठीही निश्चिंत दिसत होता.

तेवढ्यात सासरे उठले. त्यांची एक नजर कौलावर, एक नातीवर. मोठ्या कष्टाने त्यांनी निर्णय घेतल्यासारखं दिसलं.

"बाय गो, घर शाकारताना कौलाच्या मधी पाय देव नको सांगाचो ना मी तुला? का सांगाचो?"

"फुटतं म्हणून."

"मग इटा लांब सार. पार टोकाला. आन मधीच दे."

सरांनी परीक्षकांकडे पाहिलं, परीक्षकांनी मान डोलावली. स्वराने विटा लांब सारल्या, हात उचलला, ओरडली, आणि कौलाचे दोन तुकडे झाले. मग उरलेल्या सगळ्या पोरांनी त्याच पद्धतीने फोडाफोड केली. समाजमंदिरात टाळ्या वाजत होत्या आणि दर टाळीला सासरे डोळे मिटून घेत होते.

पट्टा मिळाला. तो तिने स्वतः बांधला. तिघे घरी आलो आणि वैशालीला मी सगळं सविस्तर, माझा भाग थोडा आवरता घेऊन, सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं. फक्त एकदा विचारलं, की फोडायला न्यायचं कौल तुम्ही दोघांनी खरोखर वाजवून घेतलंत का. मी हो म्हटलं.

ती आत चहा टाकायला निघाली. दारात थांबून म्हणाली, "बाबा साधं कौलसुद्धा एवढं वाजवून घेतात, हे मला माहीत नव्हतं. तुमच्या वेळी तर नुसती उंची बघून हो म्हणाले."