एकतीस पेपर आणि एक गाठ

गणपतीसाठी मालवणला घरी पोचले, त्याच दुपारची गोष्ट. बॅगसुद्धा उघडली नव्हती... शेजारच्या सुमनकाकीने मला हाताला धरून आतल्या खोलीत नेलं आणि कडी लावली.

सुमनकाकी म्हणजे बाजारात मासे विकणारी, घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला एका वाक्यात गार करणारी बाई. आज ती कुजबुजत बोलत होती. तिने माझा हात घेतला आणि छातीच्या डाव्या बाजूला ठेवला.

"बघ गो बाय... ह्या काय आसा?"

गाठ होती. चांगली सुपारीएवढी, घट्ट, जागची न हलणारी.

आता माझ्याबद्दल सांगते. मी पुण्यात एका लॅबमध्ये स्तनाच्या कॅन्सरवर संशोधन करते. एकतीस पेपर छापून आलेत, बाहेरच्या देशांतले लोकही त्यांचा संदर्भ देतात, म्हणजे आमच्या भाषेत सायटेशन्स बऱ्यापैकी आहेत. पण माझं सगळं काम काचेच्या बशीतल्या पेशींवर... खरी गाठ माझ्या बोटांना आयुष्यात पहिल्यांदा लागत होती.

कधीपासून आहे विचारलं, तर म्हणाली शिमग्यापासून. म्हणजे सहा महिने! माझं डोकंच फिरलं. मी चक्क ओरडले तिच्यावर, "मगे दवाखान्यात कित्याक गेलंस नाय?"

"तूच सांगलंस मा, काय लागला तर मी आसंय म्हणान? माझो पोरगो पाठी लागललो, चल चल. मी म्हटलंय, आमचा चेडू गणपतीक येतला, ता बघतला. कॅन्सरवर एवढा लिवता, तेका कळाचा नाय तर कोणाक?"

बोलले होते मी तसं...

गेल्या वर्षी गावाने माझा सत्कार केला होता. पार कट्टा गावाच्या बाजारापर्यंत फ्लेक्स, शाल, श्रीफळ. खोटं कशाला बोलू, मला खूप आवडलं होतं. त्या भरात माइकवर बोलून गेले, गावाला कधी काही लागलं तर मी आहेच! बोलायची पद्धत असते हो ती. काकीने ते खरं धरलं.

मी तिला सांगितलं, काकी, मी रोगी तपासत नाही, औषधही देत नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. टोमणा नव्हता, तिने खरंच विचारलं...

"मगे इतकी वर्सां तू काय करतंस गो?"



दुसऱ्या दिवशी सकाळीच तिला सर्जनकडे नेलं. सोनोग्राफी झाली, सुईने तुकडा काढला. रिपोर्टला आठवडा लागणार होता, आणि त्या आठवड्यात माझ्या घशाखाली मोदक उतरला नाही. त्या पेशी सहा महिन्यांत काय काय करू शकतात हे मला पाठ आहे, मीच लिहिलंय ते. आरतीला उभी राहिले की माझ्याच पेपरातले आलेख डोळ्यांसमोर यायचे.

काकी मात्र मजेत. म्हणे, "तू इलंस ना, आता माका भय नाय." ते ऐकून तर मला जास्तच भीती वाटायची.

काल रिपोर्ट आला. कॅन्सर आहे. सर्जन म्हणाले, उपचार करू, आशा आहे, पण काखेपर्यंत पसरलाय... शिमग्याला आला असतात तर खूप सोपं गेलं असतं.

माझी मान खाली. तर काकीच त्यांना म्हणते, "ह्या चेडवाक काय बोला नकात हां डॉक्टर. तेनाच माका हय हाडल्यान." मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

सुट्टी वाढवून घेतलीय. काकीची केमो सुरू होईपर्यंत मी इथून हलत नाही, आणि तिने मला अजून आपलं म्हटलं याचे उपकार मी फेडू शकणार नाही.

पण आता वेगळीच धास्ती बसलीय. त्या सत्काराला अख्खा गाव होता, मंडपात बाया कितीतरी होत्या... माझ्या त्या एका वाक्यावर भरवसा ठेवून अजून कोण घरात गप्प बसलंय, मला कसं कळणार?

म्हणून ही पोस्ट. गावातल्या कुणी वाचली तर घरी आईला, काकीला, आजीला वाचून दाखवा. बायांनो, गाठ लागली तर त्याच दिवशी दवाखान्यात जावा. माझी वाट बघू नकात.