वस्तादांनी पास केलेली कॅसेट

आमच्या गावच्या तालमीतले म्हातारे वस्ताद मधे पडले म्हणून ती कॅसेट आम्हाला बघायला मिळाली, हे आधी सांगतो.

आम्ही पोरांनी उमरीहून विलायती कुस्तीची कॅसेट आणि व्हीसीआर एका दिवसाच्या भाड्यानं आणला होता. मारुतीच्या देवळाच्या ओसरीत टीव्ही मांडला. पहिलाच पैलवान दोरावर चढला आणि खाली पडलेल्याच्या छातीवर धाडकन आदळला. माझे वडील ताडकन उठले. "ही काय कुस्ती हाय? सगळं खोटं. बंद करा!" मोठी माणसं त्यांच्याच बाजूची. आता खापर माझ्यावर फुटणार होतं, कारण सगळ्या पोरांना जमवणारा मीच होतो.

वस्तादांना बोलवायला मी तालमीकडे पळालो. वस्ताद अंगाला माती तशीच घेऊन आले, टीव्हीपुढं उकिडवे बसले आणि बघू लागले.

"खोटं तर खोटं," ते म्हणाले. "पर येवढ्या उंचावरून आंग कसं टाकलं बघा की! माझ्या एका तरी पोराला जमते का? रिव्हर्स करून परत लावा रे."

वडील खाली बसले. थोड्या वेळानं तेच सगळ्यात मोठ्यांदा ओरडत होते, "आरं, खुर्ची हाण की त्याला!" अख्खी ओसरी शिट्ट्यांनी दणाणली. मला तर मीच कुस्ती मारल्यासारखं वाटलं.

पुढं सातवीत माझी शाळा सुटली. आता सुरतेला कापडाच्या मागावर कामाला असतो, आणि काम टिकेल का ही धाकधूक रोजची. वस्ताद अजून तालमीत बसतात म्हणे. एक ना एक दिवस त्यांच्या आखाड्यात नवी लाल माती घालून देईन, तीत मुरवायच्या ताक-तेल-हळदीसकट.