दाजींचे दोन दिवस

ताज्या जोडावर अजिबात विश्वास न ठेवणारा वेल्डर पलूसपासून विश्रामबागेपर्यंत एकच आहे, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. अक्काच्या ओव्हनमध्ये केक कधी झालाच नाही. तिथे दाजींचे वेल्डिंगचे रॉड भाजत असतात. रॉडला ओल लागली की त्यातला हायड्रोजन तापल्या लोखंडात शिरतो आणि सगळं गार झाल्यावर आतून चीर पाडतो, हे अक्काला नानकटाईच्या कृतीपेक्षा जास्त पाठ आहे. भाजलेल्या रॉडचा डबा शालीत गुंडाळून, मांडीवर घेऊन दाजी एसटीने आपल्या दुकानात जातात. एकदा शेजारच्या सीटवरच्या बाईंनी विचारलं, "बाळ केवढं आहे हो?" तर म्हणाले, "सकाळचंच हाय."

नवा जोड हळूहळूच गार झाला पाहिजे, म्हणून भर मेमध्ये दुकानातला पंखा ते बंद करतात. गिऱ्हाईक घामाने निथळलं तरी उत्तर एकच, "ऊन जोडाला वारं नगं." गंजाशी तर उभं वैर. पिशवीत लाल प्रायमरचा डबा कायम. माझ्या मुलीच्या हळदीला हे गायब. शोधलं तर कार्यालयाच्या फाटकाचा गंज घासत बसलेले.

पण खरा छळ दोन दिवसांचा. ट्रॅक्टर चालू ठेवून माणूस दारात उभा असला तरी ट्रॉलीचा हूक ते दोन दिवस सोडत नाहीत. "आवं पाव्हणं, पयल्या दिवशी कुणाचाबी जोड टिकतो. चीर मागनं येती, समदी घरी गेल्यावर." मग हातोडी मारून, कान लावून ऐकतात. एकदा खरंच केसाएवढी चीर निघाली. त्या ट्रॉलीत गिऱ्हाइकाची बायकापोरं बसायची.

मी याद्यांवर जगणारी बाई. नवरा गेल्यावर मुलीला एकटीने वाढवलं तेही याद्या करूनच. या मेमध्ये तिचं लग्न झालं, तेव्हा यादीत एकच गोष्ट नव्हती : ती गेल्यावर या घरात मी राहायचं कसं. लग्नाआधी दाजींनी जिन्याचा कठडा जोडला आणि त्याला लाल चिंधी बांधली.

"अहो दाजी, उद्या पाहुणे येतायत!"

"येऊ देत की. टेकू नगा म्हणावं."

कठड्याला दोन दिवस लागत नाहीत, हे त्यांनाही ठाऊक होतं.

पाठवणीला मी रडले नाही. सामान मोजलं, गाडी गेली, यादीवर खूण केली. "लय खंबीर बाई," सगळे म्हणाले.  दाजींनी नुसतं माझ्याकडे बघून घेतलं आणि अक्काला घेऊन गेले.

तिसऱ्या दिवशी दुपारी एकटेच आले. "कठडा बघाय आलोय." हातोडी मारली, कान लावला, मग आत येऊन बसले.

"जेवलीस का, मेव्हणीबाई?"

माझ्या हातात परत करायच्या भांड्यांची यादी होती. मला 'हो' म्हणायचं होतं.  पण मी ओक्साबोक्शी रडायला लागले.

दाजींनी समजूत घातली नाही. उठले, पंखा बंद केला आणि परत येऊन बसले. बाहेर ऊन रणरणत होतं. आम्ही दोघं घामाघूम होऊन बसून राहिलो.

बऱ्याच वेळाने त्यांनी पिशवी उचलली. दारात थांबून म्हणाले, "परवा येतो परत."